रोम ते लिऑन, मार्गे बस्त्यावकाका

गावातलं कोणी प्रवासाला निघालं की लोक विचारतात, कुठं चाललात. बस्त्यावकाका विचारायचे, "गाडी कुठं बदलायची?" सुरतेला लग्नाला निघालेला म्हातारा असो की आखातात नोकरीला निघालेला पोरगा, प्रश्न हाच. गाडी बदलायचीच नसेल तर त्यांचा त्या प्रवासातला रस तिथंच संपायचा. "बसून राहायला काय अक्कल लागते?" म्हणायचे. "मानूस चुकतो तो बदलायच्या ठिकानी."

हे वेड त्यांना पानांनी लावलं होतं. वसईत आमच्या आळीत त्यांची पानवेलींची वाडी होती. खायची पानं केळीच्या पानांत गुंडाळून, टोपल्यांत भरून रेल्वेनं थेट दिल्लीपर्यंत जायची. कोणत्या स्टेशनात टोपली उतरते, पुढच्या गाडीत कधी चढते, मधल्या वेळात पानांवर पाणी कोण मारतो, हे सगळं चौथी शिकलेल्या या माणसाच्या डोक्यात होतं. स्वतः ते सुरतेच्या पुढे गेले नव्हते. पण रतलामला गाडी किती थांबते ते फलाटावर उभं राहून आल्यासारखं सांगायचे. "पान खुडलं की मरायलाच लागतं टीचर," एकदा मला म्हणाले. "आपन त्याला फक्त सांगायचं, सावकाश मर."

टीचर म्हणजे मी. त्यांच्या शेजारच्या घरातली, त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन सणाला फिरवलेली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि गावच्या शाळेत लागले, त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घ्यायचं सोडलं. थोडी थट्टा होती त्यात, पण कौतुक जास्त होतं. मला ते फार आवडायचं, हे कबूल करते. गावातले अर्ज, दाखले, परदेशी पत्रं माझ्याकडे यायची आणि मी जरा ऐटीतच पेनाचं टोपण काढायची.

काकांची एकुलती एक मुलगी, लुसी, सिस्टर होऊन फ्रान्समध्ये लिऑनला गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. तिचा धर्मभगिनींचा संघ कडक शिस्तीचा. घरी यायची परवानगी नाही. आईवडील तिथवर आले तर मठात दोन दिवस भेटता येईल, एवढीच सवलत. फिलूकाकी, म्हणजे काकांची बायको, नऊ वर्षांत लुसीबद्दल फारसं बोलली नाही. एकदाच माझ्या आईला म्हणाली होती, "तिच्या डोक्यावरनं एकदा हात फिरवला की झालं. मग मी कवापन मरेन."

पंच्याहत्तर साल हे पवित्र वर्ष होतं, पंचवीस वर्षांनी येणारं, रोमच्या यात्रेचं. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतून, यात्रेकरूंचा एक गट दहा दिवसांसाठी रोमला निघाला. काकांनी काकीचं नाव घातलं. दोघांनी जाणं शक्य नव्हतं. पानवेल दोन दिवस पाण्यावाचून राहत नाही, दहा दिवसांची गोष्ट सोडाच. ते शाळेतला नकाशा मागायला माझ्याकडे आले. रोम आणि लिऑन मी दाखवलं. त्यांनी मध्ये बोटं ठेवून मोजली आणि म्हणाले, "चार बोटं. दिल्लीपेक्षा जवळ हाय. टीचर, कागद काढ."

मग तीन महिने आमच्या ओसरीवर तोच उद्योग. लुसीनं मठाच्या परवानगीनं तिकडच्या वेळापत्रकाची पानं पाठवली. मी वाचायची, काका डोळे मिटून ऐकायचे. रोमहून तुरिन, तुरिनला गाडी बदलायची, मग डोंगराखालचा लांब बोगदा, बोगद्यापलीकडे मोदान नावाचं सरहद्दीवरचं स्टेशन, आणि पुढे लिऑन. तुरिनला बारा मिनिटांत दुसरी गाडी मिळत होती. मी म्हटलं, ही छान आहे. काकांनी डोळे उघडले. "बारा मिनिटांत माझी टोपली बदलत नाय, बायको काय बदलेल?"

आत भाकऱ्या थापत असलेल्या माझ्या आईजवळ काकी बसली होती. ती म्हणाली, "बदलायची असेल तर आताच सांगा, मी रोमलाच राहते." त्या तीन महिन्यांत ती जितकी हसली तितकी मी तिला आधी किंवा नंतर कधी हसताना पाहिली नाही.

काकांनी तीन तासांची सवड असलेली गाडी निवडली. पण तीन तास काकी करणार काय? वाटेत पाणी मारणारा माणूस हवाच, हा त्यांचा नियम. त्यांनी लुसीकरवी तुरिनच्या एका मठात लिहवलं. तिथल्या दोन सिस्टर फलाटावर येणार, काकीला गरम काही पाजणार आणि पुढच्या गाडीत बसवणार. आमचे फादर रोममध्ये शिकलेले होते. त्यांच्याकडून काकांनी इटालियन आणि फ्रेंच भाषेत कार्डं लिहून घेतली. 'मला तुरिनला उतरवा.' 'मला लिऑनला उतरवा.' टोपलीला शिवतात तशी एक चिंधीही त्यांनी काकीच्या पिशवीला शिवली आणि तिच्यावर लुसीचा पत्ता मला लिहायला लावला.

एवढ्यानं भागलं नाही. एका दुपारी त्यांनी काकीला विरारहून एकटीनं गाडीत बसायला आणि वसई रोडला उतरून, पूल चढून, पलीकडच्या फलाटावर यायला सांगितलं. अट अशी, की तोंडातून शब्द काढायचा नाही. काका आणि मी बाकावर बसून पाहत होतो. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली काकी पिशवी छातीशी धरून आली, उतरली, जिना चढली आणि पुलावर भाजीवाली दिसताच भाजीचा भाव विचारत उभी राहिली. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "हिला तुरिनला पालेभाजी दिसली नाय म्हंजे मिळवली." तिसऱ्या खेपेला तिला जमलं.

पासपोर्टचा अर्ज मी भरला. त्या काळी पासपोर्टावर तो कोणकोणत्या देशांसाठी चालेल ते लिहिलेलं असे आणि अर्जात तसा रकाना होता. गटातल्या लोकांचा एक भरलेला नमुना मला मिळाला होता. त्यावरून मी एका बैठकीत अकरा अर्ज उतरवले. देशाच्या रकान्यात सगळ्यांचं होतं तेच काकीचं लिहिलं. इटली. तीन महिने लिऑन, लिऑन करणारी मी, तो अर्ज भरताना लिऑन कुठल्या देशात आहे याचा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही. काकांनी अर्ज हातात घेऊन वर-खाली पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "टीचरनं लिवलाय म्हंजे बघायला नको," म्हणाले आणि काकीचा अंगठा घेतला.

काकी रोमला पोचली. ठरल्या दिवशी गटप्रमुखानं तिला गाडीत बसवलं. तुरिनला ती बरोबर उतरली, सिस्टर भेटल्या, सूप प्यायली, दुसरी गाडी मिळाली. बोगदा गेला. मोदानला पोलीस चढले. त्यांनी तिचा पासपोर्ट पाहिला, पुन्हा पाहिला आणि तिला खाली उतरवलं. तिनं त्यांना लिऑनचं कार्ड दाखवलं. मग दुसरं दाखवलं. मग पिशवीवरची चिंधी दाखवली. संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी तिला उलट तुरिनला पाठवलं. लुसी लिऑनच्या फलाटावर त्या दिवसाची शेवटची गाडी येईपर्यंत उभी होती. तिला कळलं तेव्हा शहराबाहेर पडायची परवानगी मागण्याइतकेही दिवस उरले नव्हते. गटाचं विमान ठरलेलं होतं.

परत आल्यावर काकीनं एवढंच सांगितलं, "डोंगराच्या पलीकडं गेले हुते. तितनं मागं फिरवली." दुसऱ्या दिवशी काका पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. "काय लिवलंय वाच." मी वाचलं. देशाच्या जागी एकच नाव होतं, इटली. अर्ज कोणी भरला होता हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी पासपोर्ट खिशात घातला आणि म्हणाले, "लुसीला पत्र लिवायचं हाय. कागद काढ."

त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. 'प्रिय लुसी, चूक माझी झाली. फ्रान्सचं नाव घालायचं मी टीचरला सांगायला विसरलो. तुझ्या आईला मी नीट पाठवलं नाही.' मी थांबले. म्हटलं, काका, हे खरं नाही. ते म्हणाले, "तुला मी सांगतो ते लिवायला बसवलंय. लिव." आणि मी लिहिलं. पुढच्या रविवारी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात त्यांनी चारचौघांत तेच सांगितलं. पानांच्या जुडीत एक पान कमी भरलं तरी ज्यांचा जीव खाली-वर व्हायचा, त्या माणसानं खोटं सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं.

काकीनंही मानलं. ती भांडली नाही. जेवायला वाढायची, वाडीत पाणी घालायची, पण नवऱ्याशी बोलणं तिनं बंद केलं. दोन वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ती गेली. शेवटपर्यंत त्यांच्याशी नीट बोलली नाही. मी शेजारच्याच घरात होते. रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, उद्या. खरी गोष्ट ही की मी भित्री होते, आणि टीचर हे बिरुद मला सोडवत नव्हतं.

काकी गेल्यावर महिन्यानं मी वाडीत जाऊन त्यांना विचारलं, का केलंत असं? ते वेल बांधत होते. म्हणाले, "तुला अजून पंचवीस-तीस वर्सं या गावात पोरं शिकवायची हायेत. तुझ्या लिवन्यावर लोकांनी इश्वास ठेवला पायजे. माझं काय, पानांना कोन इचारतंय, कोनी खुडली म्हनून?" मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "आता नको सांगू कोनाला. जिला सांगायचं ती गेली." त्यानंतर मी पाहिलं, कोणी प्रवासाला निघालं तरी ते काही विचारत नसत.

ते गेले चौऱ्याऐंशी साली. वाडीतच बसल्या जागी गेले. तोपर्यंत लुसीच्या संघाचे नियम सैल झाले होते, आणि दीड महिन्यानं ती आली, अठरा वर्षांनी. केस पिकलेले, मराठी अडखळत. माझ्या ओसरीवर बसून तिनं पाकिटातून ते जुनं पत्र काढलं. म्हणाली, "पप्पा एवढे हुशार. देशाचं नाव कसं विसरले, मला कधी समजलं नाही."

मी तिला सांगितलं. सगळं, काही न वगळता. नऊ वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं तोंडातून आलं. तिनं पत्रातल्या माझ्या अक्षराकडे पाहिलं. ती रागावेल असं मला वाटलं, नाहीतर सिस्टर आहे, क्षमा करते म्हणेल. दोन्हीची मी तयारी केली होती.

तिनं विचारलं, "मम्मीला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं.

लुसीनं पत्राची घडी घातली, चपला पायात सरकवल्या आणि दफनभूमीकडे निघाली. तिच्या आईवडिलांना एकाच कबरीत पुरलं होतं. मी फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. तिनं मागे वळून मला चल म्हटलं नाही.