वैऱ्याची पेज

नुईनं आयुष्यात एकच स्वयंपाक जीव ओतून केला, आणि तोही बापाच्या खुन्यासाठी.

तिचा बाप काशिवाबारा देन्नाई जपानमधल्या शिनानो प्रांतातल्या एका लहानशा गढीत धान्यकोठारावर होता. हुद्दा हलका, पण कमरेला दोन तलवारी लावणारा सामुराई. त्याच्या बरोबरीच्या हिरुता गेन्पाचीनं दारूच्या बैठकीतल्या एका टोमण्याचा डूख धरला आणि देन्नाई चपलेचा बंद बांधायला वाकलेला असताना पाठीत वार केला. देन्नाईची तलवार म्यानातच राहिली. सामुराई असा मेला की त्याच्या घराची अब्रू गेलीच म्हणायची. पळाला हिरुता आणि नाव बुडालं देन्नाईचं! शिधा बंद झाला, घर रिकामं करावं लागलं. न्याय म्हणावा तर असा.

वैरी मारला तरच घराणं परत उभं राहणार होतं. देन्नाईला मुलगा नव्हता, म्हणून गढीनं सुडाचा परवाना नुईला दिला. अट जुनीच: वैऱ्याला आपलं नाव सांगायचं, त्याच्या हातात शस्त्र असू द्यायचं, मगच वार करायचा. नाहीतर तो निव्वळ खून. नुई दिवसा सुया विकत गावोगाव हिंडली आणि रात्री बापाच्या तलवारीचे हात करत राहिली. सोबतीला फक्त मोहेई, बापाच्या वेळचा म्हातारा गडी. लग्नाचं वय रस्त्यातच सरलं. लोक म्हणत, पोरी, सोड आता. लोकांचं काय जातंय म्हणायला!

शेवटी हिरुता सापडला तो एचिगोच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या जाळ्यांच्या खोपटात. तापानं फणफणलेला, हाडांचा सापळा झालेला.

"ताईसाहेब, हा तर अर्धा मेलेलाच आहे," मोहेई म्हणाला. "घाला एक घाव नि चला घरी."

"आणि घरी काय सांगू? आजाऱ्याला मारून आले? मला हा उभा पाहिजे, मोहेईकाका."

"आणि मेला तर?"

"मरतोय कसा! माझ्याआधी यमालासुद्धा हात लावू देणार नाही."

तिनं चूल पेटवली. तांदळाची पेज मऊ शिजवायची, खारवलेला आलुबुखार कुस्करायचा आणि चमच्याचमच्याला शिव्या घालत भरवायची. एके सकाळी हिरुतानं डोळे उघडले.

"कोण गं तू?"

"देन्नाईची नुई. गीळ."

हिरुता खोकत खोकत हसला आणि त्यानं दात घट्ट आवळले. "नाही गिळत जा. इथेच चटईवर मरतो. मग बस बोंबलत!"

नुईनं चमचा वाडग्यात आपटला. "मर की. गावोगाव सांगत सुटेन, हिरुता गेन्पाची अंथरूण ओलं करत मेला म्हणून."

कसाही असला तरी सामुराईच तो. त्यानं दात सोडले आणि तोंड उघडलं. पहिला घास गिळून म्हणाला, "मीठ कमी आहे."

तो भिंतीला धरून उभा राहू लागला, मग काठी फिरवू लागला. "तुलाच बापाकडे धाडतो बघ," म्हणायचा. "आधी वाडगा संपव," ती म्हणायची. ती त्याचा घाम पुसायची आणि मनात दातओठ खायची. इतकी सेवा लग्नाच्या नवऱ्याचीही कुणी करत नाही, असं मोहेई पुटपुटायचा.

ठरल्या दिवशी किनाऱ्यावर लढतीला साक्षीदार म्हणून सरकारी अधिकारी आला, गाव लोटला. नुईनं बापाचं नाव मोठ्यानं घेतलं. हिरुता खरंच चांगला लढला, तिचा खांदा चिरला त्यानं. मग तिची तलवार त्याच्या छातीत गेली. तो पडला तेव्हा तलवारीची मूठ त्याच्या हातात आवळलेलीच होती.

"शेवटी सामुराई ठरला," अधिकारी म्हणाला. "समोरून वार झेलला." कोळ्यांनी हात जोडले आणि त्याच्या नावाचा दगडही उभारला.

गढीत नुईचं कौतुक झालं, शिधा सुरू झाला, लोक साकेची दारू घेऊन अभिनंदनाला आले. ती बापाच्या थडग्यापाशी बसून होती.

"सूड पुरा झाला, ताईसाहेब. आता तरी हसा," मोहेई म्हणाला.

"कसला पुरा?" नुई उसळली. "माझ्या आबांना त्यानं वाकलेलं असताना मारलं. आणि मी त्या मेल्याला खाऊपिऊ घातलं, पायावर उभं केलं, हातात तलवार दिली! जे मरण आबांचं होतं, ते मी माझ्या हातानं त्याला भरवलं, मोहेईकाका."