तीन बोटं

"चाव लेका, गिळू नको, चाव!" ढोके सर वर्गातून ओरडले, आणि रोहण्याच्या थांब्यावरच्या एसटीतला कंडक्टर गिळायला निघालेला समोसा पुन्हा चावू लागला, असं आमच्या गावात सांगतात. सांगणारा मीच.

सातवीचा पचनाचा धडा सर पुस्तकातून शिकवत नसत. घरून ज्वारीची कोरडी भाकर आणायची आणि चावत राहायचं. "दातानं बारीक केलं ते यांत्रिक पचन. गोड लागलं की समजा, लाळेनं काम धरलं. ते रासायनिक." गोड लागेपर्यंत सुट्टी नाही. आमच्या वर्गातली सुमन तर तीन दिवस चावत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या तोंडाला मुंग्या लागल्या.

सर स्वतः भाकर चावत नसत. त्यांच्या गालात खर्रा असे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला तो गोळा सकाळच्या प्रार्थनेला आत जाई, तो शाळा सुटतानाच्या राष्ट्रगीतापर्यंत मुक्कामाला. सुमनने एकदा विचारलं, "सर, तुमाले नाई का चावा लागत?"

"मले आता सारं तिखटच लागते बाई. म्हणून तर गोड लागते का, तुमाले इचारून राह्यलो."

मग त्यांनी तोंडात तीन बोटं उभी घालायला लावली. चाळीस तोंडं अशी वासली की खिडकीतला कावळा बिथरून आर्वीकडे उडाला. "तीन गेली म्हंजे गिरणी ठीक हाय," सर म्हणाले. त्यांची दोनच गेली. पुढच्या वर्षीच्या पोरांनी सांगितलं, आता एकच जातं.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. अर्धा जबडा काढलेला, नाकात नळी. डॉक्टरांनी आता काही करता येत नाही म्हणून घरी पाठवलं होतं. काकू मिक्सरमधून काढलेली पातळ खिचडी नळीतून सोडत होत्या. एसटीतल्या कंडक्टरला चावायला लावणारा तो आवाज कुठेच नव्हता. सरांनी पाटीवर लिहिलं, 'यांत्रिक: मिक्सर. रासायनिक: पोटात चालू.'

मी हसलो. हसताना त्यांना माझे लाल दात दिसले. त्यांनी हात वर करून तीन बोटं दाखवली.

मी घालून पाहिली. दोन गेली. "बोटं जाड झाली सर," मी म्हणालो.

सर नुसते माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिले. खिशात खर्र्याची पन्नी होती.

"सोमवारपासून सोडतो, सर. शप्पथ."

काकूंनी नळीचं टोपण लावलं, वाटी उचलली.

"हे बी सोमवारपासूनच सोडनार होते," त्या म्हणाल्या.