बगळ्यांचा तक्ता

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. मी कॉलेजात गणित शिकवत असे आणि स्वतःला फार शहाणा समजत असे. ठाण्याला खाडीकडच्या घरात आम्ही नवराबायको दोघंच राहत होतो. मागच्या दारातून मिठागरं दिसत आणि त्यांच्यापलीकडे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्या चिखलावर किती बगळे उतरतात हे माझी बायको रोज मोजून तक्त्यात लिहायची. आकडे मीच तिला शिकवले होते. शेजारणी हसायच्या, पण तिने एक दिवस चुकवला नाही.

माझा सिद्धान्त असा होता: एखाद्या जागी प्राण्यांची संख्या आधी भराभर वाढते, मग मंदावते आणि शेवटी एका आकड्यावर स्थिर होते. बगळ्यांचा तो आकडा मी समीकरणाने काढून ठेवला होता, एकशे वीस. मुंबईच्या एका विद्वानांच्या सभेत त्यावर निबंध वाचायचा होता.

पौषापर्यंत तिचे आकडे माझ्या रेषेवरून गुणी मुलासारखे चालले. माघात ते कोसळले. नव्वद, सत्तर, पन्नास. तिला सातवा महिना लागला होता. दाराशी उभं राहवत नाही म्हणून ही अंदाजपंचे लिहिते, असं मी ठरवून टाकलं आणि तिच्या तोंडावर बोललोही.

"मोजले तेवढेच लिहिलेत," ती म्हणाली. "मासळीवाली सांगत होती, निवट्या संपत आल्यात. खायलाच नाही तर बगळे राहतील कशाला?"

निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे बोटाएवढे मासे. माझ्या समीकरणात त्यांना जागा नव्हती. मी चाकूने तिचे आकडे खरवडले आणि तिथे मला हवे ते लिहिले. ती बघत होती. त्यानंतर तिने टाक हातात घेतला नाही. आठवड्याने तिचा भाऊ आला आणि तिला बाळंतपणासाठी कल्याणला घेऊन गेला.

निबंध वाचला, टाळ्या पडल्या. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा काय बघायची, म्हणून मागच्या दाराकडे मी फिरकलोच नाही.

चैत्रात सासऱ्यांची चिठ्ठी आली, तसा आगगाडीने कल्याणला गेलो. मूल जन्मतःच गेलं होतं. तिला ताप होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. सासूबाईंनी उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं. मी तिथे उभा राहिलो. तिनेच विचारलं, "आता बगळे किती आहेत हो?"

मला माहीत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली. "एकशे वीस," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं असेल," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर मी ठाण्याला आलो आणि मागचं दार उघडलं. ओहोटी होती. चिखलावर चार बगळे होते. पुन्हा मोजले, चारच.

पुढे मला कळलं की खाणारे आणि खाल्ले जाणारे, दोघांचं गणित एकत्रच मांडावं लागतं. तिने ते एका वाक्यात सांगितलं होतं. ते समीकरण मी मांडलंही असतं, पण त्यासाठी माघातले आकडे हवेत, आणि ते मी खरवडले. त्याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही. आपण चुकलो असं समजून ती गेली, हे मात्र सहन होत नाही. "माहीत नाही," एवढं म्हणायला मला काय झालं होतं?