कर्ताबाईंचा चष्मा

सगळी गल्ली त्यांना कर्ताबाई म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या जेवणाच्या टेबलावर पोरांचा इंग्रजीचा गृहपाठ करून घ्यायच्या. एखादं पोर म्हणालं, "बाई, पेन हरवलं," की बाई आल्याच अंगावर. "हरवलं? त्याला काय पाय फुटले? कर्ता कुठाय वाक्यात?" मग ते मुकाट्याने म्हणायचं, "मी हरवलं."

एका बाबतीत मात्र खुद्द बाईंच्या वाक्यातला कर्ता गायब असायचा. धाकटी बहीण समोरच्याच इमारतीत राहायची. गॅलऱ्या समोरासमोर, पण एक कपडे वाळत घालायला आली की दुसरी आत. कुणी विचारलंच तर बाई म्हणायच्या, "आमचं बोलणं बंद झालंय." झालंय म्हणे! जीव मात्र तिळतिळ तुटायचा. समोर दिवा लागला नाही तर बाईंना घास उतरत नसे.

त्या दिवशी शेजारची नववीतली पोरगी गृहपाठ घेऊन आली. पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कर्ता लपवता येणारी वाक्यं, वापरून इंग्रजीत उपहासाची कविता लिहायची होती.

"उपहास म्हणजे नेमकं काय, बाई?"

"चिमटा काढायचा, पण रक्त काढायचं नाही. ओळखीचं माणूस घे, म्हणजे नेम चुकत नाही."

पोरीने नेम धरला तो थेट बाईंवरच. कविता वाचताना तिचेच कान लाल झाले होते. अर्थ साधा होता: कप फोडला गेला, बाईंनी कर्ता पकडला. खडू चोरला गेला, बाईंनी कर्ता पकडला. बहिणीशी बोलणं बंद केलं गेलं, आणि कर्ता शोधायला नेमका बाईंचा चष्मा सापडेना.

बाईंनी आधी क्रियापदं तपासली. सवयच ती. एकही चूक नव्हती. मग अर्थ डोक्यात शिरला आणि त्यांनी कागद ओढून घेऊन शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"रागावलात?"

"गप्प बस, कार्टे. झकास झालीय."

बहिणीचा ऑफिसातला निरोपसमारंभ त्यांच्या डोळ्यांपुढे आला. ती बिचारी इंग्रजीत भाषण करताना "आय डिड नॉट वेन्ट" म्हणाली, आणि बाईंनी पहिल्या रांगेतून मोठ्यांदा दुरुस्त केलं. सगळे हसले. घरी येऊन बहिणीने दोन शब्द सुनावले, तर उलट बाईच फुगून बसल्या.

त्यांनी फोन उचलला. बहिणीचा नंबर लावला.

"मी बोलतेय. ऐक. आपलं बोलणं बंद झालं नव्हतं गं. मी बंद केलं."



"लोक हसले त्याचं मला काही नव्हतं, ताई," बहीण म्हणाली. "पण नंतर चूक काढायलासुद्धा तुझा फोन आला नाही, ते लागलं."

बाईंनी पदराने डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि पोरीला म्हणाल्या, "कविता घे आणि चल समोर. तिला ऐकवायचीय."