खिशातला पाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्यांच्या लबाडीवर मात्र भरपूर लिहिलंय. वडील एमआयडीसीत कामगारांची पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवरच. लपवाछपवी करणाऱ्याला सोडायचं नाही, हे मला तेव्हापासून पाठ. मग स्वतःला कसं सोडलं?

बारामतीत बर्फ कुठला — पण चाकांवरचं जोडी स्केटिंग होतं. नसीम मुलाणी आणि मी, अशी आमची जोडी. ती बावड्याची, मी पिंपळीचा. मी तिला डोक्यावर उचलायचो, ती हवेत गिरकी घेऊन एका पायावर उतरायची. आवाजच व्हायचा नाही. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आमच्यात एक रीत होती. स्वतःच्या चाकांचे नट स्वतः आवळायचे नाहीत, जोडीदारानं आवळायचे. ज्याच्या भरवशावर हवेत जायचं त्याच्याच हातात पानाही द्यायचा, असं आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं.

जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी तिचे स्केट माझ्या पिशवीत होते — आणि मी फाटकावर पत्रकं वाटत होतो. मुलांना सरावाला धड जागा द्या, अशी. मीच लिहिलेली. लोक थांबून वाचत होते. माझा पाय निघेना. आमचं नाव पुकारलं तेव्हा धावत आत गेलो, स्केट तिच्यापुढे ठेवले.

"तपासलंस का रं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

मी तिला उचललं, ती गिरकी घेऊन उतरली आणि — चाक डगमगलं. गुडघा आतल्या आत फिरला. सगळे तिच्याभोवती जमले. तिच्या पायातला स्केट मीच सोडवला. पुढच्या चाकाचा नट ढिला होता. पाना माझ्या खिशात. काय केलं असेल मी? पाठ वळवली — आणि नट आवळला. सरांनी स्केट हातात घेऊन पाहिला, तेव्हा चाक पक्कं होतं.

"माझाच पाय वाकडा पडला," रिक्षात ती म्हणाली. "तू ब्येस उचललं व्हतंस."

मी तिचा हात धरून ठेवला.

तिचं खेळणं तिथंच संपलं. आता ती इंदापुरात मुलींना स्केटिंग शिकवते. परवा तिच्यावर लेख लिहायचा म्हणून गेलो. शाळेमागचं सिमेंटचं मैदान, दुपारचं ऊन — आणि एकेक पोरगी हवेतून उतरत होती, बिनआवाजी. काय सांगू तुम्हाला? वही हातात होती, लिहायचं सुचलं नाही. एवढ्याशा पोरींच्या पायांत हे आणलं कुठून हिनं?

एक मुलगी कंटाळली. सारखं उतरणंच का करायचं, म्हणून कुरकुरली. नसीम लंगडत तिच्याजवळ गेली.

"मी हितंच चुकले व्हते, बाळा. पाय कसा पडला, ते तवापास्नं रोज शोधतीया. जेवढं सापडलं, तेवढं तुमाला देतीया."

त्या मुलीची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती. नसीमनं पाना माझ्या हातात दिला, जुन्या सवयीनं. मी खाली बसलो, मुलीच्या स्केटचं एकेक चाक हलवून पाहिलं, नट आवळले.

"तपासलंस का रं?"

"व्हय," मी म्हणालो. या वेळी खरं होतं.

जी चूक तिनं केलीच नाही, ती नसीम रोज शोधते. हे तिला न सांगताच मी बारामतीच्या एसटीत बसलो.