शिवलिंगचं टीव्हीतलं शेत

घाटनांदूरला आलात आन् शिवलिंगकडं काही काम निघालं, तर रविवारी संध्याकाळी तेवढं जाऊ नका. त्या टायमाला हा माणूस शेतात असतो. शेत कुठं हाय म्हणून विचाराल, तर दुकानाच्या मागच्या खोलीत. टीव्हीत.

हसू नका. सगळ्यांच्या वाट्याचं मी हसून घेतलंय.

मी मुंजाजी. शिवलिंगच्या किराणा दुकानासमोर माझी पिठाची गिरणी हाय. शाळेत आमी एका बाकावर होतो, म्हणून त्याला अरे-तुरे करायचा हक्क गावात मला एकट्याला. माणूस असा, की गिऱ्हाइकाशी बी गरजेपुरतं बोलणार. "साखर?" "हं." "अर्धा?" "हं." झालं. कपाळाला विभूती, अंगात पांढरी बंडी, आन् जन्मात सायकलीच्या पुढं काही चालवलेलं न्हाई. घरी ट्रॅक्टर होता तवा बी हा ड्रायव्हरच्या शेजारी मडगार्डवर बसायचा, दांडी घट्ट धरून, डोळे बारीक करून. गाडीचं लई भ्याव. आन् तोच माणूस आता टीव्हीत नांगर लावून बांधापाशी ट्रॅक्टर वळवतो. सांगा आता!

हे सगळं त्याच्या पोराचं, विश्वेश्वरचं. विशू पुण्याला नोकरीला होता तवा त्यानं ती खेळाची पेटी घेतलती. पुढं जर्मनीच्या कारखान्यात लागला, तर जाताना ती घरच्या टीव्हीला जोडून गेला आन् तिकडं दुसरी घेतली. त्यात एक शेतीचा खेळ हाय. शेत विशूचं, पण आत दोघांनी यायचं. तिकडनं विशू पेरतो, इकडनं शिवलिंग नांगरतो, आन् खेळता खेळता एकमेकाशी बोलता येतं. कानात घालायचं यंत्र शिवलिंगला टोचतं, म्हणून विशूचा आवाज टीव्हीतनंच येतो. सगळ्या घराला ऐकू येतो.

बोलायला फोन हाय की, म्हणताल तुमी. पण ह्या बापलेकाचं फोनवरचं बोलणं मी ऐकलंय. "जेवलास?" "जेवलो. तुमी?" "हं." "ठेवू?" "हं." संपलं! आन् तेच दोघं ट्रॅक्टरवर बसले की थांबत न्हाईत. "आप्पा, वळताना नांगर उचला ना!" "अरे उचललाय की!" त्यातच मधी तिकडच्या बर्फाचं निघतं, आईच्या गुडघ्याचं निघतं, विशूच्या साहेबाचं निघतं. एकदा मी विचारलं, "बे शिवलिंग, हेच फोनवर बोलायला तुला काय होतं?"

त्यानं तराजूचं पारडं पुसलं. मंग म्हणला, "फोनवर गप्प बसलं की माणूस ठेवून देतो. ट्रॅक्टरवर गप्प बसलं तर ट्रॅक्टर चालू राहतो."

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मात्र दोघांचं वाजलं. मी तिथंच चहा पीत बसलतो. नांगरता नांगरता शिवलिंगनं मधीच विषय काढला, की आपलं खरं शेत बघायला कुणी न्हाई, माझ्यानं होत न्हाई, तू परत कवा येणार. विशू म्हणला, आत्ता कसं सांगू. शिवलिंगचा पारा चढला. मी त्याला उभ्या जन्मात तसं ओरडताना बघितलं न्हाई. "मंग देऊन टाकतो बटईनं, अर्ध्या वाट्यानं! तुला तसं बी काय करायचंय?" तिकडनं विशू म्हणला, "द्या." आन् आवाज बंद. शिवलिंगचा ट्रॅक्टर अर्ध्या पट्ट्यात उभा राहिला.

पुढल्या रविवारी शिवलिंगनं पेटी लावली. विशूच्या नावापुढं हिरवा ठिपका होता, म्हणजे पोरगं तिकडं शेतात हजर. शिवलिंगनं आत जायचं बटण दाबलं. गोल गोल फिरलं, फिरलं, आन् लाल अक्षरं आली. शिवलिंगनं एकेक अक्षर लावून वाचलं. होस्टशी जोडणी होऊ शकत न्हाई.

"होस्ट म्हणजे कोण बे, मुंजा?"

"ज्याचं शेत तो."

"म्हणजे विशू." त्यानं रिमोट खाली ठेवला. "त्यानं मला काढलं."

मी म्हणलं, येड्या, वायरीचा घोळ असल. पण वायर कशी बिघडली म्हणायची? नीलाक्काच्या, म्हणजे शिवलिंगच्या बायकोच्या, फोनवर भजन चालू. टीव्हीवर बातम्या चालू. दुकानात गिऱ्हाईक फोननं पैसे देऊन जातंय. सगळ्या जगाशी जोडणी हाय, एकट्या विशूशी न्हाई. आता मला बी कळंना. मी पेटीचं तपासणीचं पान उघडलं. तिथं लिहिलेलं, इंटरनेट ठीक. त्याच्याच खाली, नॅट टाईप स्ट्रिक्ट.

"स्ट्रिक्ट म्हणजे?"

"कडक."

"बघ," शिवलिंग म्हणला. "कडक झालाय तो."

आता ह्या माणसापुढं डोकं आपटावं का काय करावं! नॅट म्हणजे काय ते मला ठाऊक न्हाई, त्याला ठाऊक न्हाई, पण अर्थ लावायला गडी तयार.

केबलवाल्या अंगदला बोलावलं. तो आला, दुकानातला वायफायचा डबा बंद केला, चालू केला. मागच्या खोलीतला डबा बंद केला, चालू केला. म्हणला, "फोन चालतोय का? मंग नेट चालू हाय, काका." आन् गेला. चहा तेवढा पिऊन गेला.

मंग आमी आमचं डोकं लावलं. खोलीतला डबा फडताळावरनं काढून ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीवर ठेवला, उंचावरनं हवा चांगली लागंल म्हणून. न्हाई. पेटीची वायर बदलली. न्हाई. नीलाक्का म्हणल्या, टीव्हीचं तोंड दुसरीकडं करून बघा. ते बी केलं, मान वाकडी करून बघत बसलो. न्हाई. कुणीतरी शिवलिंगच्या डोक्यात भरवलं की गिरणीची मोटर नेट खेचते. झालं! दिवाळी तोंडावर आलेली, माझ्या गिरणीपुढं भाजणीच्या डब्यांची रांग लागलेली, आन् मी दोस्तासाठी रविवारची गिरणी बंद ठेवली. बाया काय काय बोलल्या ते इथं सांगण्यासारखं न्हाई. आन् एवढं करून पुन्हा तीच लाल अक्षरं.

"फोन लाव पोराला," मी खेकसलो. "सरळ विचार."

"काय विचारू? मला कावून काढलंस म्हणून?" शिवलिंगनं फोन उलटा ठेवला. "हो म्हणला तर?"

तो आता दुकानात बी हरवल्यागत करायचा. साखर मागितली की मीठ द्यायचा. एका बाईला सुट्टे मोजून देऊन वर पुन्हा विचारलं, "किती दिलं मी तुमाला?" रोज सांजेला पेटी लावायचा, तो हिरवा ठिपका बघायचा, बटणाला हात न लावता बंद करायचा.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी डबा पोत्यांवरनं खाली घ्यायला गेलो. पोती विकायला काढलती. डबा उलटा झाला आन् माझ्या बोटाला लाल लागलं. बघतो तर डब्याच्या पाठीवर एक बारीक भोक, त्याच्या भोवती कुंकवाचं गोल बोट उमटलेलं आन् भोकात सुद्धा कुंकू वाळलेलं.

"नीलाक्का, हे काय?"

"खंडेनवमीचं हाय ते," त्या आतनं म्हणल्या. आमच्याकडं खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली हत्यारं, अवजारं, सगळी धुऊन-पुसून पुजत्यात. शिवलिंगचा तराजू, मापं, माझ्या गिरणीची मोटर. ह्या बाईनं वायफायचा डबा बी पुजलेला.

"पूजा केली ते ठीक. ह्या भोकात काय केलंत?"

"धूळ बसलती. फडक्यानं निघंना, मंग सेफ्टी पिन घातली. लई आत गेली की हो, टक् वाजलं. मी दाबूनच धरली, म्हणलं निघू दे सगळी घाण. सगळे दिवे विझले आन् परत लागले. मला वाटलं, झाला स्वच्छ."

मला त्या भोकाचं काही कळत न्हवतं. पण इतकं कळलं, की टक् वाजलं ते खंडेनवमीला आन् टीव्हीतल्या शेताचं दार बंद झालं ते त्याच्यानंतर. मी शिवलिंगला हाताला धरून आणलं. "हे बघ. पोरानं न्हाई काढलं तुला. ह्या डब्याला काहीतरी झालंय. आता हे नीट कसं करायचं ते फक्त विशूला ठाऊक, डबा त्यानं बसवलाय. लाव फोन."

शिवलिंग त्या कुंकवाकडं बघत राहिला. मंग त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला. पहिल्या रिंगला उचलला.

"आप्पा?"

"विशू, ते... तो डबा..." शिवलिंगची गाडी तिथंच अडकली. कुठं भोक, कुठं पिन, काहीबाही सांगायला लागला. विशूनं मधीच अडवलं.

"आप्पा, थांबा. म्हणजे तुमी मला काढलं न्हवतं?"

"मी?" शिवलिंग म्हणला.

"मी रोज बघत होतो," विशू म्हणला. "तुमचा ठिपका हिरवा व्हायचा, थोड्या वेळानं जायचा. आत काही येत न्हवता तुमी. मला वाटलं, आता आप्पा माझ्याशी बोलणार न्हाईत. म्हणून फोन बी केला न्हाई."

काय म्हणावं ह्या दोघांना! एकाच वळणाची दोन खोडं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मंग पोरानं सगळं उलगडून सांगितलं. दुकानातला डबा म्हणजे बाहेरच्या दारावरचा राखणदार. मागच्या खोलीतला डबा बी राखणदारच, पण विशूनं जाताना त्याला बजावून ठेवलतं, की तू राखण करू नको, नुसती वाट दे. ते भोक असतं सगळं विसरायला लावायचं. आईनं पिन दाबून धरली आन् डबा विशूचं सांगणं विसरला, पुन्हा राखण करायला लागला. आपण घरातनं बाहेर गेलो तर दोघं जाऊ देतात, म्हणून फोन चालतात. पण बाहेरनं खेळाची हाक आली, की पहिल्यापाशी नाहीतर दुसऱ्यापाशी ती अडकून पडते. डब्याचं नाव आन् पासवर्ड त्याच्या बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचंच होतं, ते काही बदललं न्हाई, म्हणून कुणाला पत्ता लागला न्हाई.

नीलाक्का दारात उभ्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "त्यातनं लेकराचा आवाज येतो, म्हणून तराजूच्या आधी मी त्यालाच कुंकू लावलं रे," त्या म्हणल्या आन् पदर तोंडाला लावला.

"आई, रडू नको. तू लावलंस ते बरं केलं," विशू म्हणला.

पुढं जे झालं ते ऐकायला तुमी पाहिजे होतात. "आप्पा, फोनमधी डब्याचं पान उघडा." "उघडलं." "वर काय लिहिलंय?" "काही न्हाई." "काही न्हाई कसं?" "चष्मा न्हाई लावलेला." चष्मा सापडेपर्यंत एक, वाट द्यायचं कलम शोधेपर्यंत दुसरं. चुकीचं बटण दाबलं, मागं आले, पुन्हा दाबलं. बापलेक कधी न्हाई ते फोनवर एवढं बोलले, बोलले काय, भांडले! विशू ओरडतोय, शिवलिंग ओरडतोय, आन् ठेवू का असं एकानं बी म्हणलं न्हाई. शेवटी ते कलम सापडलं, दाबलं, दिवे विझले, लागले.

शिवलिंगनं पेटी लावली. बटणावर अंगठा ठेवला आन् माझ्याकडं बघितलं. "दाब बे!" मी म्हणलं. गोल फिरलं, फिरलं, आन् शेत उघडलं.

सगळं शेत हिरवंगार झालेलं. विशूनं नांगरून, पेरून, सगळं उगवून आणलेलं. मधोमध तेवढा एक काळा पट्टा, अर्धा नांगरलेला, आन् त्यात शिवलिंगचा ट्रॅक्टर उभा. त्या रविवारी होता तिथंच.

"तुमचा पट्टा मी न्हाई नांगरला, आप्पा," टीव्हीतनं आवाज आला. "म्हणलं, येताल तुमी."

शिवलिंगनं ट्रॅक्टर चालू केला. वळणापर्यंत गेला, नांगर उचलला, बरोबर उचलला, वळला. समोर बघतच म्हणला, "ते आपलं शेत... बटईनं न्हाई दिलं मी."

"कावून? तुमी तर म्हणलता, देऊन टाकतो."

"द्यायचं का, ते तुला विचारायचं राहिलतं."

लई वेळ कुणी काही बोललं न्हाई. ट्रॅक्टर चालू होता. मंग विशू म्हणला, "मंग आता विचारा, आप्पा," आन् शिवलिंगनं विचारलं.