रोलरवरच्या मावशी

माझी धाकटी लेक ज्या लाँड्रीत काम करते, तिथे मावशींना बावीस वर्षं झाली. हॉस्पिटलच्या चादरी तिथे धुतल्या जातात आणि वाफेच्या रोलरवर वाळून, इस्त्री होऊन बाहेर पडतात. ह्यांची नोकरी गेल्यावर धाकटीने कॉलेज सोडलं, आणि तिला मावशींच्या जोडीला उभं केलं गेलं.

रोलरवर दोघी लागतात. ओल्या चादरीचं एकेक टोक एकेकीने धरायचं, कड सरळ रोलरला लावायची आणि त्याने कड पकडली की मावशींनी म्हणायचं, "सोड." दोघींनी एकदम सोडायचं. एकीने आधी सोडलं तर तिची बाजू मागे राहते, दुमड पडते. मग दुसरीचा हात ती दुमड सरळ करायला आपसूक पुढे जातो. भित्रीचा नाही जात. चादर नीट निघावी असं जिला मनापासून वाटतं, तिचाच जातो.

मावशींचा असाच गेला होता. उजवा तळवा भाजला. दीड महिना घरी बसल्या, तेही अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला डाव्या हाताने भरवत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. परत कामावर आल्या तेव्हा जखम भरली होती, पण रोलर जवळ आला की हात आपोआप सुटायचा. "सोड" म्हणायच्या आधीच.

"दुधाने पोळलेल्या मावशी चादर फुंकून टाकतात," बायका हसायच्या. मावशीही हसायच्या.

मला हे कळलं ते धाकटीच्या बाहीवरून. कपडे भिजवताना बाहीची कड करपलेली दिसली. आधी म्हणाली, चहा सांडला. मी बाही तिच्या नाकासमोर धरली तेव्हा बोलली. मावशींनी आधी सोडलं, दुमड पडली आणि हिचा हात पुढे गेला. नीटनेटकेपणाची सवय मीच लावलेली. बाही अडकली, कुणीतरी दोरी ओढून रोलर थांबवला. बोटं वाचली.

संध्याकाळी मी मावशींच्या खोलीवर गेले. त्या नवऱ्याला पेज भरवत होत्या. हवापाण्याचं बोलून झालं, त्यांच्या हाताची चौकशी झाली, पुढचं काही तोंडातून निघेना.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?" मावशी म्हणाल्या. "बोल."

"तुम्ही रोलर सोडा, मावशी. घड्या घालायच्या टेबलावर जा."

"टेबलावर जागा नाही गं. रोलर नाही तर घर. विचारून बसलेय मी."

"मग माझ्या पोरीच्या बोटांचं काय?"

त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"रोज सकाळी प्रभूला सांगते, माझी भीती काढ. तो काढत नाही. मला वाटायचं, माझाच विश्वास कमी." त्यांनी तळव्याकडे बघितलं. "पण मी रोज माझ्याच हाताचं मागत होते. तुझ्या लेकीचे हात समोर असून एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही."

त्या म्हणाल्या, आपण दोघी प्रार्थना करू. मी म्हटलं, मला सुचत नाही हो, मी दमलेय. "मग तू नुसती बस." त्यांनी डोळे मिटले. "प्रभू येशू, मी भित्री आहे, तुला ठाऊक आहे. भीती राहायची तर राहू दे. पण या पोरीची दहा बोटं उद्या माझ्या हवाली आहेत. ती सुटेपर्यंत मला सोडू देऊ नकोस." नवऱ्याने आमेन म्हणायचा प्रयत्न केला, ओठांतून नुसती हवा आली.

मला धीर आला असं म्हणवत नाही. सकाळी धाकटीला जाऊ नको म्हटलं. ती गेली. दुपारी डबा द्यायचं निमित्त करून मी लाँड्रीच्या दारात उभी राहिले.

मावशींनी नवीनच पद्धत काढली होती. सकाळी धाकटीला सांगितलं होतं, "मी घाबरलेय, हे तुला माहीत असू दे. मी माझ्या हाताकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार. 'सोड' म्हटलं की आधी तू सोड, मग मी. दुमड पडली तर पडू दे. तिला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

चादर रोलरला लागली. मावशींचा हात कोपरापासून थरथरत होता, दारातूनही दिसत होतं. नजर मात्र धाकटीच्या बोटांवर. "सोड." धाकटीचे हात मागे आले. मावशींचं टोक अजून मुठीत होतं. बोटं रोलरजवळ पोचली तेव्हा त्यांनी ते सोडलं.

दुमड पडलीच. धाकटी जागची हलली नाही.

सुपरवायझर चादर उचलून आला. "मावशी, पेशंटने काय दुमडीवर झोपायचं?"

"झोपेल, साहेब. दोन दिवस द्या, तीही जाईल. बोटं मात्र गेली तर तुम्ही शिवून देणार का?"

तो पुटपुटत गेला. मावशी डोळे न मिटताच ओठ हलवत होत्या. पुढची चादर आली, मग त्यापुढची. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा त्या उलट्या टोपलीवर मटकन बसल्या.

"गेली का भीती?" मी विचारलं.

"कसली जातेय! आहे तिथेच आहे." त्यांनी पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली. "पण हात राहिला गं. प्रत्येक वेळी राहिला."

धाकटीने न विचारता त्यांच्यासाठी डब्याचं झाकण उघडलं. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. उद्या पुन्हा पहिली पाळी आहे. मी तिला जाऊ नको म्हटलेलं नाही.